आधी मोजणी, मग अंदाज

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारांची व्यवस्था पाहणाऱ्या सन्निधात्याला एक आज्ञा आहे. कोठाराच्या आवारात एक अरत्नी तोंडाचे, म्हणजे साधारण हातभर रुंदीचे कुंड ठेवायचे आणि त्यात साठलेल्या पाण्यावरून पाऊस मोजायचा. पुढे शेतीखाते पाहणाऱ्या सीताध्यक्षाच्या प्रकरणात निरनिराळ्या प्रदेशांचा पाऊस द्रोण या मापात दिला आहे. कोरड्या जांगल प्रदेशाला सोळा द्रोण, पाणथळ प्रदेशाला त्याच्या दीडपट, अवंतीला म्हणजे माळव्याला तेवीस, आणि गोदावरीकाठच्या अश्मकाला सोळाहूनही कमी. अपरांताला, म्हणजे आपल्या कोकणाला, आकडा दिलेलाच नाही. तिथला पाऊस अमित म्हटला आहे. आजचा पर्जन्यनकाशा शेजारी ठेवून पाहावे. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मराठवाड्यात सातशे-आठशेच्या आसपास, आणि माळवा मराठवाड्याहून थोडा वरचढ. उतरंड तीच आहे. पाऊस चार महिन्यांत कसा वाटला जावा हेही तिथे सांगितले आहे: पहिल्या आणि शेवटच्या महिन्यात मिळून एक तृतीयांश, मधल्या दोन महिन्यांत दोन तृतीयांश. नुसत्या आठवणीवर असे प्रमाण सांगता येत नाही. कोणीतरी कुठेतरी वर्षानुवर्षे भांडी मांडून पाणी मोजले असल्याशिवाय हे लिहिले गेले नसते.

हे आधी सांगण्याचे कारण असे की, शाळेतला हवामानाचा धडा बहुधा उलट्या टोकाकडून सुरू होतो. हवा, हवामान, आर्द्रता, वायुदाब यांच्या व्याख्या येतात, मग वाऱ्यांचे प्रकार, शेवटी उपग्रहाचे चित्र आणि अंदाज. मुलाच्या मनात ठसते ते एवढेच की, हवामानशास्त्र म्हणजे उद्या पाऊस पडेल की नाही हे सांगणारे शास्त्र. मग अंदाज चुकला की शास्त्रच खोटे ठरते, आणि दर पावसाळ्यात वेधशाळेची टिंगल करायला आपण मोकळे होतो. या शास्त्राचा आपल्याकडचा इतिहास मात्र वेगळा क्रम दाखवतो. अंदाज फार उशिरा आला. त्याआधी कित्येक पिढ्यांनी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, ठरलेल्या उपकरणाने नोंदी केल्या, आणि त्या नोंदींतूनच पुढचे सगळे उभे राहिले. ही सलग नोंद हाच हवामानशास्त्राचा पाया आहे, आणि शाळेत पहिल्यांदा तीच शिकवली पाहिजे, हे मला या लेखात मांडायचे आहे.

सलग हा शब्द इथे महत्त्वाचा. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही पाऊस मोजण्याच्या भांड्याचे माप आहे. म्हणजे मोजण्याची कल्पना आपल्याला परकी नव्हती. पण त्या काळातली वर्षवार लिहिलेली एकही नोंदवही आपल्या हाती आलेली नाही. अश्मकातला पाऊस किती, हे कळते. अमुक एका वर्षी तो किती पडला आणि पुढच्या वर्षी किती, हे कळत नाही. सरासरी उरली, तिच्या मागची वर्षे हरवली. आणि दुष्काळ तर सरासरीत दिसत नाही, तो वर्षावर्षांच्या फरकात दिसतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मानाने ऐकला पाहिजे. मोजमाप नसले म्हणून काय बिघडले, आपल्या शेतकऱ्याला नक्षत्रांवरून पाऊस कळत होताच की. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती ही पावसाची पट्टी आजही गावोगाव पाठ आहे. तिच्यात अनुभव आहे यात शंका नाही. सूर्य मृगात जातो तो ७ किंवा ८ जूनच्या सुमारास, आणि दक्षिण कोकणात मोसमी पाऊस पोचण्याचे सरासरी दिवस तेच. हस्ताचा गडगडाटी पाऊस म्हणजे परतीच्या मोसमी वाऱ्यांचा पाऊस. पेरणीचे कॅलेंडर म्हणून ही पट्टी उपयोगी पडली, ती शेकडो पावसाळे नीट पाहिलेल्या माणसांनी घडवली. अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. पंचांगातली नक्षत्रे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात आणि ऋतू सूर्याच्या उत्तर-दक्षिण सरकण्याने ठरतात. पृथ्वीचा अक्ष हळूहळू दिशा बदलतो, त्यामुळे या दोन मापांत सुमारे ७२ वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. वराहमिहिराच्या काळी सूर्य मृगात जात असे तो आजच्या हिशेबाने मेच्या मध्याला. मोसमी पाऊस ताऱ्यांची वाट पाहत नाही, म्हणून पट्टी तीच राहिली तरी तिचा अर्थ सरकत राहिला. नक्षत्राच्या वाहनाचे तर गणितच निराळे. सूर्य नक्षत्रात शिरतो तेव्हा चंद्र तिथून कितव्या नक्षत्रात आहे ते मोजून नवाने भागतात आणि बाकीवरून बेडूक, उंदीर, हत्ती किंवा गाढव ठरते. या हिशेबात पाऊस कुठेच येत नाही, आणि आलेले उत्तर कोल्हापूरला आणि सोलापूरला एकच लागू होते. मागच्या पन्नास वर्षांत बेडूक किती वेळा खरा ठरला आणि किती वेळा फसला, याचा ताळा पंचांगात कुठे ठेवलेला नाही. अनुभव शास्त्र होण्यासाठी ही चुकांची नोंद लागते, आणि इथे तीच राहून गेली.

महाराष्ट्रात नियमित मोजणीचा आरंभ शोधू लागलो की, विल्यम हेन्री साईक्स या ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातल्या अधिकाऱ्यापाशी येऊन थांबावे लागते. पेशवाई बुडाल्यावर काही वर्षांनी, १८२४ पासून, मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याचे काम त्याच्याकडे होते. त्या फिरतीत त्याने वायुदाब, तापमान, दव, पाऊस यांच्या नोंदी ठेवल्या आणि १८३५ साली रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेत दख्खनच्या हवामानावर आणि हवेच्या भरती-ओहोटीवर निबंध प्रसिद्ध केला. हवेची भरती-ओहोटी हा प्रकार शाळेतल्या मुलाला अगदी सहज दाखवता येतो. आपल्या अक्षांशांत वायुदाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो वर असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. फरक दोन-तीन मिलिबारांचाच, पण इतका नेमाने पडणारा की त्यावरून वेळ ओळखावी. सूर्याची उष्णता वातावरणाचे वरचे थर शोषतात, त्यातून हे हेलकावे उठतात. हा रोजचा नेम ठाऊक असला तरच नेम मोडलेला कळतो. दुपारची ओहोटी सरून रात्र झाली तरी पारा वर येत नसेल, उलट उतरतच असेल, तर समुद्रात काहीतरी शिजते आहे. म्हणजे वादळाची खूण वाचण्याआधी शेकडो शांत दिवसांचे वाचन हाताशी असावे लागते.

सह्याद्रीच्या बाबतीतही मोजणीनेच डोळे उघडले. घाटमाथ्यावर पाऊस फार आणि देशावर कमी, हे कोणाला माहीत नव्हते? पण किती झपाट्याने कमी, हे आकड्यांनी दाखवले. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, तिथून वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला दोन हजारांच्या आत-बाहेर, आणि घाट उतरून वाईत आले की हजारही भरत नाही. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगराच्या भिंतीने वर ढकलली जाते. वर दाब कमी, म्हणून ती पसरते, आणि पसरताना थंड होते: कोरडी असेल तर दर किलोमीटरला जवळजवळ दहा अंश, वाफेने भरलेली असेल तर त्याहून कमी, कारण वाफेचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते. पाणी घाटमाथ्यावर गळून जाते. पलीकडे उतरणारी हवा दाबली जाऊन पुन्हा तापते आणि ढग विरतात. पर्जन्यछाया म्हणतात ती हीच. एका जिल्ह्यातल्या तीन गावांचे तीन आकडे मुलांसमोर मांडले, तर व्याख्या पाठ करायला सांगण्याची गरजच पडत नाही.

कंपनीने १८२६ साली मुंबईत कुलाब्याला वेधशाळा उभारली ती खगोलवेध आणि जहाजांना अचूक वेळ देण्यासाठी. हवामानाच्या आणि चुंबकीय नोंदी तिथे १८४१ पासून सुरू झाल्या, एल्फिन्स्टनमधले प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली. मराठी वाचकाने इथे थोडे थांबावे. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकरांनी काही काळ या वेधशाळेचे काम पाहिले. केरूनाना छत्रे तर कोवळ्या वयातच ऑर्लेबारांच्या हाताखाली तिथे नोकरीला लागले आणि पुढे गणिताचे नामवंत प्राध्यापक झाले. ग्रहसाधनाची कोष्टके लिहिणारे ते हेच. रात्री-अपरात्री ठरलेल्या तासाला उठून पाऱ्याची पातळी वाचायची, आकडा लिहायचा, पुन्हा पुढच्या तासाची वाट पाहायची, असे ते काम होते. त्यात नाव होत नाही, शोधही लागत नाही. पण अशी माणसे नसती, तर मुंबईच्या हवेचा इतिहास आपल्याकडे नसता. आपल्या शाळांत जांभेकरांचे नाव पत्रकार म्हणून शिकवतात. वेधशाळेतले जांभेकर आणि छत्रे कोणी शिकवत नाही, याची मला खंत वाटते.

याच वेधशाळेच्या इतिहासातला एक प्रसंग मला सर्वांत बोलका वाटतो. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मुंबईत विजेच्या ट्राम आणायचे ठरले. ट्रामच्या विजेने चुंबकीय नोंदी बिघडणार होत्या. तेव्हा संचालक होते नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय. त्यांनी चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेली, आणि इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरी दगड वापरला. एवढ्यावर काम थांबले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. का? जागा बदलली की आकडा बदलतो. बदल जागेमुळे झाला की निसर्गामुळे, हे पुढच्या पिढीला वेगळे करता यावे म्हणून. दोन वर्षांच्या दुहेरी कष्टांमुळे जुनी आणि नवी मालिका जोडली गेली, आणि १८४० च्या दशकापासून आजपर्यंतचा धागा तुटला नाही. विज्ञान म्हणजे काय, हे सांगायला याहून चांगले उदाहरण मला आपल्या राज्यात दिसत नाही.

देशभर एकच पद्धत यायला मात्र संकटे यावी लागली. ऑक्टोबर १८६४ मध्ये कलकत्त्यावर आलेल्या चक्रीवादळात साठ हजारांच्या आसपास माणसे मेली. १८६६ साली ओरिसात भीषण दुष्काळ पडला. तोवर प्रत्येक प्रांताची उपकरणे वेगळी, वाचनाच्या वेळा वेगळ्या, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहता येत नसे. १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचा प्रमुख झाला. उपकरणे आणि वेळा एकसारख्या करणे हेच त्याच्यापुढचे पहिले काम होते. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी, मामलेदार कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक बसले. हे उपकरण दिसायला अगदी साधे. पाच इंच व्यासाचे नरसाळे, त्याच्या काठाला धारदार पितळी कडा, म्हणजे कडेवर पडलेला थेंब आत की बाहेर याचा घोळ होऊ नये. काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर: फार खाली असेल तर उडालेले शिंतोडे आत जातील, फार उंच असेल तर वारा थेंब पळवील. आजूबाजूची झाडे-भिंती आपल्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर. आत साठलेले पाणी अरुंद मापकाचेत ओतायचे, म्हणजे एक मिलिमीटरचा पाऊसही काचेत बराच उंच दिसतो आणि त्याचा दहावा भाग वाचता येतो. वाचन सकाळी साडेआठ वाजता. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हेक्टरी दहा हजार लिटर. पाऊस नसेल त्या दिवशीही वही उघडायची आणि शून्य लिहायचे. शून्य आणि रिकामी जागा यांतला फरक ज्याला कळला, त्याला अर्धे संख्याशास्त्र कळले.

अंदाज आला तो यानंतर. हिमालयावर बर्फ जास्त साठले की पुढचा मोसमी पाऊस कमी पडतो, असे ब्लॅनफर्डला नोंदींत दिसले, आणि ४ जून १८८६ रोजी त्याने पहिला नियमित दीर्घ पल्ल्याचा अंदाज जाहीर केला. त्याच्यानंतर आलेल्या जॉन एलियटने १८९९ साली चांगल्या पावसाचा अंदाज दिला. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि छप्पनचा म्हणून ओळखला जाणारा दुष्काळ पडला. टीका एवढी झाली की, पुढे काही वर्षे अंदाज सरकारपुरतेच गोपनीय ठेवले गेले. पण नोंदी थांबल्या नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हा केंब्रिजचा गणिती खात्याचा प्रमुख झाला. हवामान हा त्याचा विषयच नव्हता. सिद्धांत हाती नाही, तर आकड्यांनाच विचारू, अशी त्याची रीत. भारतीय कर्मचाऱ्यांच्या हातून हजारो सहसंबंध काढून घेत त्याने हिमालयातले बर्फ, मॉरिशसचा आणि दक्षिण अमेरिकेचा वायुदाब, झांजिबारचा पाऊस यांची सांगड आपल्या पावसाशी घातली. त्यातूनच पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरच्या दाबाचा झोका त्याला सापडला, त्याला त्याने दक्षिणी दोलन म्हटले. त्याचा एल निनोशी असलेला संबंध हवामानशास्त्रज्ञ ब्यर्कनेस याने १९६९ मध्ये उलगडला. दुष्काळाच्या धास्तीने भारतात ठेवलेल्या वह्यांतून जगाच्या हवामानाची एक किल्ली हाती लागली, ती अशी.

यावर कोणी म्हणेल, आणि म्हणतातही, की हा सगळा साम्राज्याचा कारभार होता. जहाजे वाचावीत आणि शेतसारा हुकू नये यासाठी ही मोजणी झाली, तिचे कौतुक कशाला? हेतूबद्दलचे म्हणणे खरे आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात पावसाचे आकडे सरकारपाशी होते आणि तरी दख्खनमध्ये माणसे अन्नावाचून मेली; आकडा आपण होऊन कोणाला जेवू घालत नाही. पण कौटिल्याचे कुंडही राजाच्या कोठारासमोरच होते. मोजणाऱ्याचा हेतू त्याच्याबरोबर जातो, आकडा मागे राहतो आणि पुढच्यांच्या उपयोगी पडतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत पार्थसारथी आणि मुळे यांनी ३०६ पर्जन्यमापकांच्या जुन्या नोंदी पारखून १८७१ पासूनची भारताच्या मोसमी पावसाची मालिका तयार केली. आपला पाऊस बदलतो आहे का, या आजच्या प्रश्नाला हात घालायचा तर कचेरीतल्या त्या अनाम कारकुनांच्या वह्यांकडेच जावे लागते. आणि काम कायम परक्यांच्या हाती राहिलेही नाही. १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले. ती शिवाजीनगरची दगडी इमारत पुणेकरांच्या तोंडी अजून सिमला ऑफिसच आहे. १९४८ पासून तिथे अण्णा मणी यांनी उपकरणे देशात बनावीत म्हणून शंभरेक उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार करून घेतले. साधा पर्जन्यमापकही परदेशातून आणणारा देश आपली उपकरणे आपण करू लागला.

शेवटचा आक्षेप आजचा आहे. उपग्रह आहेत, रडार आहेत, महाराष्ट्रात महसूल मंडळनिहाय दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. आता नरसाळे आणि वही घेऊन मुलांना उभे करायचे कशाला? उत्तरादाखल २६ जुलै २००५ आठवावा. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला अवघा ७३. दोन मापकांपैकी एकच असता, तर मुंबईचा पाऊस म्हणून आपण काय लिहिले असते? उपग्रह ढगांच्या माथ्याचे तापमान पाहतो, रडार थेंबांवरून परतलेल्या लहरी मोजतो. पाऊस दोघेही अनुमानाने काढतात, आणि ते अनुमान जमिनीवरच्या मापकाशी ताडूनच दुरुस्त होते. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई मंडळातल्या केंद्राच्या आकड्यावर ठरते, आणि पाऊस शिवाराशिवाराला वेगळा पडतो, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. मापके जास्त झाली म्हणून अडले असे कधी होत नाही.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना विनंती एवढीच. येत्या मृगाच्या आधी शाळेच्या मैदानात, झाडापासून दूर, एक पर्जन्यमापक बसवा. विकतचा जमला नाही तर सरळ बाजूंचे, सपाट तळाचे भांडे आणि मोजपट्टीही चालेल. रोज सकाळी साडेआठला एका मुलाने वाचावे, दुसऱ्याने पडताळावे, दोघांनी सही करावी. सुट्टीच्या दिवशी कोण वाचणार ते आधी ठरवा. भांडे लवंडले तर लवंडले असे लिहा, अंदाजाने आकडा भरू नका. मापक हलवायचा झाला तर मूस यांनी केले तसे करा, काही महिने दोन्ही जागी वाचा. आणि वर्ष संपले की वही रद्दीत न जाता पुढच्या वर्गाच्या हाती द्या.